ठराव आणि त्यामागील बोलणे : ग्रामसभेच्या इतिवृत्ताचा एक विचार

सूचक अमुक, अनुमोदक तमुक, ठराव सर्वानुमते मंजूर. महाराष्ट्रातील कोणत्याही ग्रामपंचायतीचे इतिवृत्ताचे पुस्तक उघडले, तर पानोपानी याच शब्दांची आवृत्ती झालेली आढळते. विषय पाणीपुरवठ्याचा असो, गायरानाचा असो किंवा शाळेच्या खोलीचा असो. सभा अर्ध्या घटकेत आटोपलेली असो किंवा दिवेलागणीपर्यंत भांडून उठलेली असो. कागदावर उरते ते हे एवढेच वाक्य. राज्यात सुमारे २८ हजार ग्रामपंचायती आहेत आणि प्रत्येकीने वर्षाकाठी निदान चार ग्रामसभा घ्याव्यात अशी कायद्याची अपेक्षा आहे. म्हणजे दरसाल लाखाहून अधिक इतिवृत्ते मराठीत लिहिली जावयास हवीत. एवढ्या विपुल प्रमाणात निर्माण होणाऱ्या या गद्यप्रकाराकडे मराठीच्या अभ्यासकांनी मात्र जवळजवळ लक्षच दिलेले नाही. बखर, महजर, कैफियत, करीना यांच्या भाषेचा आपण साक्षेपाने विचार केला. त्यांचा आजचा वंशज जो ठराव, तो कचेरीचा कागद म्हणून आपल्या अभ्यासाच्या उंबरठ्याबाहेरच राहिला.

प्रस्तुत लेखात या गद्यप्रकाराचे परीक्षण एका मर्यादित हेतूने करावयाचे आहे. लहान समाजात माणसे एकत्र जमून बोलतात, त्या बोलण्याला काही एक दर्जा असतो. समाज वाढू लागला की तो दर्जा टिकवणे कठीण होते. असे का होते, आणि ते टाळण्याच्या कामी नोंदीच्या भाषेचा काही उपयोग आहे काय, हा येथील प्रश्न आहे. उदाहरणांसाठी पारनेर तालुका आणि त्याचा परिसर मुख्यत्वे समोर ठेवला आहे. ग्रामसभेच्या बळावर देशभर नाव झालेले राळेगणसिद्धी याच तालुक्यात आहे; नगर-पुणे रस्त्यावरील सुपा येथे औद्योगिक वसाहत उभी राहिल्याने भोवतालच्या गावांची वस्ती पालटत चालली आहे; आणि खुद्द पारनेर हे तालुक्याचे गाव ग्रामपंचायतीकडून नगरपंचायतीकडे गेले आहे. लहान सभा, वाढती सभा आणि संपलेली सभा अशा तिन्ही अवस्था येथे एकाच तालुक्यात पाहावयास मिळतात.

प्रथम चर्चेचा दर्जा म्हणजे काय, हे निश्चित केले पाहिजे. सभ्य भाषा, शांतता, वेळेचे पालन ही चर्चेची बाह्य लक्षणे होत. ती असूनही चर्चा पोकळ असू शकते, आणि ती नसूनही चर्चा सकस असू शकते. आमच्या मते दर्जाच्या कसोट्या दोन आहेत. पहिली अशी की, सभेत आलेल्या माणसाचे मत दुसऱ्याने दिलेल्या कारणामुळे बदलण्याचा संभव तेथे असला पाहिजे. दुसरी अशी की, जो पक्ष अखेरीस मान्य झाला नाही, त्याचे म्हणणे त्याला स्वतःला पटेल अशा शब्दांत सभेपुढे आलेले असले पाहिजे. निर्णय चांगला झाला म्हणजे चर्चा चांगली झाली असे मुळीच होत नाही. शहाण्या माणसाच्या आज्ञेनेही उत्तम निर्णय होतात. परंतु त्याला चर्चा हे नाव देता येत नाही.

या कसोट्या लावून पाहिल्या असता, आपल्याकडील एका जुन्या लेखनप्रकाराचे महत्त्व ध्यानात येते. सतराव्या आणि अठराव्या शतकांतील महजर हा तो प्रकार होय. वि. का. राजवाडे यांनी १८९८ पासून प्रसिद्ध करण्यास आरंभिलेल्या 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेत आणि पुढे भारत इतिहास संशोधक मंडळाच्या प्रकाशनांत असे कागद मोठ्या संख्येने छापले गेले, वि. त्रिं. गुणे यांनी १९५३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मराठ्यांच्या न्यायपद्धतीवरील ग्रंथात त्यांची पद्धतशीर छाननी केली. पाटीलकीचा वाद, शिवेचा तंटा, वतनाची वाटणी असे प्रश्न गोतसभेपुढे येत. या कागदांची रचना पाहण्यासारखी आहे. आरंभी हाजिर मजालस, म्हणजे सभेस कोण कोण बसले होते त्यांची यादी. त्यांत देशमुख-देशपांडे असत, पाटील-कुलकर्णी असत आणि बलुतेदारही असत. लिहिता न येणारा आपल्या धंद्याची निशाणी करी. कुणब्याची निशाणी नांगर. त्यानंतर वादीची तकरीर, त्यानंतर प्रतिवादीची तकरीर. दोघांकडून सभेचा निर्णय मान्य करू असा राजीनामा आणि जामीन आधीच घेतलेला असे. राजीनामा या शब्दाचा त्या वेळचा अर्थ राजीखुशीने दिलेली संमती असा होता. तो पुढे पद सोडण्याचा कागद कसा झाला, हा शब्दार्थाच्या इतिहासातील एक मनोरंजक प्रश्न आहे. मग साक्षी, मग निवाडा. आणि शेवटी हरलेल्या पक्षाने आपला दावा खोटा ठरल्याचे लिहून द्यावयाचे येजितखत.

येथे महत्त्वाची गोष्ट अशी की, हरलेल्या पक्षाची तकरीर निवाड्यानंतर पुसली जात नसे. दोनशे-अडीचशे वर्षांनंतर आज तो कागद वाचणाऱ्यास निवाडा काय झाला हे तर कळतेच. शिवाय तो कशाविरुद्ध झाला, कोणते कारण सभेला हलके वाटले आणि कोणते जड वाटले, हेही कळते. पक्षपाताची शंका आली तर वाद दुसऱ्या स्थळी, दुसऱ्या गोताकडे नेण्याची मागणी करता येत असे, आणि तेथे नेताना आधीच्या तकरिरी उपयोगी पडत. थोडक्यात, महजर हा बोलण्याचा कागद होता. आजचे इतिवृत्त हा मंजुरीचा कागद आहे.

या तुलनेवरून गोतसभेचे उदात्तीकरण करण्याचा मोह होण्याचा संभव आहे, म्हणून तिची दुसरी बाजू लगेच सांगितली पाहिजे. पुराव्याने निर्णय होईना, तेव्हा ही सभा दिव्याचा आश्रय करी. तापलेल्या तेलातुपातून धातूचा तुकडा काढणाऱ्याच्या हाताला फोड येतो की नाही, यावर माणसाचे वतन अवलंबून राही. शिवेच्या तंट्यात महाराची साक्ष निर्णायक मानली जाई, पण म्हणून गावच्या व्यवहारात त्याला बरोबरीचे स्थान होते असे नाही. स्त्रियांचा आवाज तेथे अपवादानेच उमटतो. हा इतिहास डोळ्यांपुढे असल्यामुळेच डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी १९३२ मध्ये मुंबई विधिमंडळात ग्रामपंचायतीच्या विधेयकावर कठोर आक्षेप घेतले, आणि १९४८ मध्ये घटना समितीतही गाव हा राज्यव्यवस्थेचा पाया मानण्यास विरोध केला. ज्या गावात एका वर्गाच्या हाती जमीन, प्रतिष्ठा आणि संख्या आहे, तेथे सभेतील एकमत म्हणजे दुर्बळाचे मौन होय, हा त्यांच्या आक्षेपाचा गाभा. ग्रामसभेविषयी लिहिणाऱ्या कोणालाही हा आक्षेप वळसा घालून पुढे जाता येणार नाही. किंबहुना सर्वानुमते या शब्दाची चिकित्सा तेथूनच सुरू झाली पाहिजे.

एकमत, सर्वसहमती आणि सर्वानुमत हे शब्द आपण समानार्थी म्हणून वापरतो. वस्तुतः ते तीन वेगळ्या स्थिती दाखवतात. एकमत म्हणजे सर्वांना तेच वाटणे. सर्वसहमती म्हणजे काहींना वेगळे वाटत असूनही, आपले म्हणणे ऐकले गेल्यावर, त्यांनी निर्णयाला संमती देणे. इतिवृत्तातील सर्वानुमत म्हणजे, बहुतेक वेळा, कोणी विरोध नोंदवला नाही एवढेच. पहिली स्थिती दुर्मिळ आहे, दुसरी कष्टसाध्य आहे, तिसरी विनासायास मिळते. एकच शब्द तिन्हींवर पांघरूण घालतो, म्हणून कागदावरून त्या सभेत खरोखर काय घडले हे ओळखता येत नाही. भाषेतील हा दोष केवळ शैलीचा नाही. आपण गप्प बसलो तरी कागदावर आपली संमतीच लागणार हे एकदा लोकांना कळले, म्हणजे बोलण्याचे प्रयोजनच नाहीसे होते. आणि ज्याला बोलावयाचे असते तो सभा टाळून चावडीबाहेर, चहाच्या टपरीवर बोलतो.

आता सभेच्या वाढीचा प्रश्न घेऊ. १९५८ च्या ग्रामपंचायत अधिनियमाने ग्रामसभेला कायद्यात स्थान दिले. १९९३ मध्ये अमलात आलेल्या त्र्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने तिला घटनेचा आधार मिळाला. राज्याच्या कायद्यानुसार ग्रामसभेची गणपूर्ती एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० मतदार, यांपैकी जी संख्या कमी असेल ती. या तरतुदीचे गणित करून पाहावे. ४०० मतदारांच्या वाडीत ६० माणसे जमल्याखेरीज सभा होत नाही. म्हणजे दर सात मतदारांमागे जवळजवळ एक माणूस यावे लागते. मतदारांची संख्या ६६७ वर गेली की गणपूर्ती १०० वर थांबते आणि पुढे वाढतच नाही. २,००० मतदारांच्या गावात ती ५ टक्के होते, ५,००० मतदारांच्या गावात २ टक्के. गाव जितके मोठे, तितका सभेतील गावाचा अंश लहान. शिवाय गणपूर्तीअभावी तहकूब झालेली सभा पुन्हा भरली म्हणजे तिला गणपूर्तीची अट राहत नाही. अशा सभेत १५ जणांनी संमत केलेला ठराव आणि ६० जणांनी रात्र जागवून संमत केलेला ठराव, दोन्ही सर्वानुमतेच मंजूर होतात आणि दोन्हींचे गद्य एकच असते.

परंतु संख्येपेक्षाही ओळखीचा प्रश्न अधिक खोल आहे. लहान सभेत बोलणाऱ्याला आणि ऐकणाऱ्याला परस्परांची मागची बोलणी ठाऊक असतात. मागच्या दुष्काळात याने काय सांगितले होते, त्याचे काय झाले, कोणाचा शब्द खरा ठरला, हे सर्वांच्या स्मरणात असते. हे सामुदायिक स्मरण हाच लहान सभेचा खरा नियामक असतो. त्याच्यामुळे थापा मारणाऱ्याला आवर बसतो आणि एकदा सुटलेला प्रश्न पुन्हा पुन्हा निघत नाही. सुप्यासारख्या ठिकाणी कारखान्यांत कामाला आलेली कुटुंबे वस्ती करतात, मतदारयादीत येतात आणि सभेला येण्याचा हक्क मिळवतात. हा हक्क त्यांना असलाच पाहिजे. दुसरीकडे पारनेर तालुक्यातील किती तरी माणसे पोटासाठी मुंबईस राहतात आणि यात्रेला किंवा मतदानाला गावी येतात. तीही सभेची घटकच आहेत. या दोन्ही प्रकारच्या माणसांपाशी गावाचे अलीकडचे स्मरण नसते. मग जुने लोक नव्यांना अडाणी समजतात, नवे लोक जुन्यांना हटवादी समजतात, आणि दोघेही बोलणे सोडून संख्या मोजू लागतात. यात नव्यांचा दोष नाही. जे स्मरण सर्वांच्या मालकीचे आहे असे म्हटले जाते, ते त्यांना मिळेल अशा जागी ठेवलेलेच नाही, हा खरा दोष होय.

सामुदायिक स्मरण अपुरे पडू लागले म्हणजे त्याच्या जागी दुसरे काही तरी आणावे लागते. आपल्या अवतीभवतीच्या तीन गावांनी तीन निरनिराळ्या गोष्टी आणल्या, आणि त्यांची तुलना उद्बोधक आहे.

राळेगणसिद्धीने व्यक्ती आणली. अण्णा हजारे १९७५ च्या सुमारास सैन्यातील नोकरी संपवून गावी परतले. यादवबाबांच्या मंदिराचा जीर्णोद्धार, दारूबंदी, चराईबंदी, कुऱ्हाडबंदी, श्रमदान आणि पाणलोटाची कामे यांतून गावाचे रूप पालटले. त्यांना १९९० मध्ये पद्मश्री आणि १९९२ मध्ये पद्मभूषण मिळाले. गावाचे निर्णय ग्रामसभेत होत, हे या प्रयोगाचे वैशिष्ट्य म्हणून सर्वत्र सांगितले गेले. निर्णयांची फळे डोळ्यांना दिसतात. ती नाकारण्याचे कारण नाही. परंतु निर्णय आणि चर्चा यांत भेद केला पाहिजे, असे वर म्हटले आहे. दारू पिणाऱ्यांना खांबाला बांधून मारल्याची हकीकत खुद्द हजारे यांनीच सांगितलेली आहे. मुकुल शर्मा यांनी २००६ मध्ये 'इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली' या नियतकालिकात या गावातील नैतिक अधिकाराची मीमांसा केली, आणि तेथील एकमताच्या मुळाशी आज्ञापालनाची वृत्ती आहे व दलितांचे स्थान त्यात दुय्यम राहते, असा आक्षेप घेतला. हा आक्षेप सर्वांशी मान्य करो वा न करो, साहित्याच्या अभ्यासकाला त्यातून एक गोष्ट उचलता येते. ज्या सभेत एका माणसाच्या शब्दाचे वजन बाकी सर्वांच्या शब्दांपेक्षा अधिक असते, तेथे आमची पहिली कसोटी उतरत नाही. कारण मत बदलते ते कारणामुळे की बोलणाऱ्यामुळे, हे सांगता येत नाही. आणि व्यक्तीचा वारसा सभेकडे आपोआप जात नाही.

नगर तालुक्यातील हिवरे बाजारने आकडा आणला. पोपटराव पवार १९८९-९० च्या सुमारास सरपंच झाल्यानंतर तेथेही बंद्या आल्या. त्यात शेतीसाठी कूपनलिका न घेण्याचा निर्णय विशेष महत्त्वाचा. पण आपल्या विषयाच्या दृष्टीने लक्षणीय गोष्ट आहे ती पाण्याच्या ताळेबंदाची. पाऊस किती झाला, जमिनीत किती मुरला, पिण्यासाठी आणि जनावरांसाठी किती राखावयाचा, आणि उरलेल्यात कोणती पिके बसतात, याचा हिशेब ग्रामसभेपुढे मांडला जातो आणि त्यावरून पिकांचे ठरते. अशा सभेत बोलणाऱ्याला काही तरी धरून बोलावे लागते. पाऊस कमी झाला हे सरपंचाचे मत राहत नाही. ते पर्जन्यमापकाचे वाचन असते, आणि काल गावात आलेला माणूसही ते वाचू शकतो. येथे स्मरणाची जागा आकड्याने घेतली. मर्यादा इतकीच की, गावापुढील सर्व प्रश्न मोजता येत नाहीत. पाणी मोजता येते; स्मशानभूमीकडे जाणारा रस्ता कोणाच्या वस्तीतून जावा, हे मोजून ठरत नाही.

तिसरे गाव दूरचे आहे, परंतु त्याचे उदाहरण टाळता येत नाही. गडचिरोली जिल्ह्याच्या धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या शंभराच्या आतबाहेर घरांच्या गोंड गावाने अभ्यासगट आणला. देवाजी तोफा आणि मोहन हिराबाई हिरालाल यांच्या सहभागाने तेथे जी पद्धत रुजली, तिच्यात विचार करण्याची जागा आणि निर्णय घेण्याची जागा या दोन वेगळ्या ठेवलेल्या आहेत. अभ्यासगटात कोणीही यावे, बाहेरचा जाणकारही यावा, वाटेल तो प्रश्न विचारावा. तेथे निर्णय होत नाही. ग्रामसभेत निर्णय होतो. तो बहुमताने होत नाही, सर्वसहमतीने होतो, आणि सहमती झाली नाही तर विषय पुढे ढकलला जातो. याच गावाला वनहक्क कायद्याखाली २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर वनक्षेत्रावर सामूहिक हक्क मिळाला, ही गोष्ट या पद्धतीच्या कार्यक्षमतेविषयीच्या शंकेला पुरेसे उत्तर आहे. जेथे निर्णय होणार नसतो तेथे हरण्याची भीती नसते. म्हणून माणूस आपले मत पालटू शकतो. दोन्ही कसोट्यांना ही पद्धत सर्वांत अधिक उतरते. तिची अडचण आकाराची आहे. शंभर घरांत जी चर्चा महिनोन्‌महिने चालू राहू शकते, ती हजार घरांत कशी चालावी?

व्यक्ती, आकडा आणि अभ्यासगट या तिन्हींत काही ना काही टिकाऊ आहे. पण गाव वाढल्यावर तिन्हींना आधार लागतो तो लेखाचा. या ठिकाणी साहित्याच्या इतिहासातील एक प्रसंग आठवावा. न्यायमूर्ती रानडे आणि लोकहितवादी यांच्या पुढाकाराने १८७८ मध्ये पुण्यास ग्रंथकारांची पहिली सभा भरली. ती त्या काळच्या सुशिक्षितांची एक लहान बैठक होती. १८८५ मध्ये दुसऱ्या सभेचे निमंत्रण जोतीराव फुले यांना गेले, तेव्हा त्यांनी ते पत्र लिहून नाकारले. ज्यांच्या ग्रंथांत आणि सभांत शूद्रातिशूद्रांच्या हक्कांचा विचार नाही, त्यांच्यात मिसळून काय साधणार, असा त्या पत्राचा आशय होता. हे पत्र 'ज्ञानोदया'त छापले गेले. १८४२ मध्ये अहमदनगर येथे सुरू झालेले ते हेच नियतकालिक. सभेच्या दृष्टीने पाहता फुले केवळ अनुपस्थित होते. सभेचे इतिवृत्त आजच्या पद्धतीने लिहिले असते, तर त्यात सर्व ठराव सर्वानुमतेच मंजूर झाले असते. आज मात्र त्या सभेतील भाषणांपेक्षा तिला न आलेल्या माणसाचे पत्रच अधिक वाचले जाते. पुढे लाखोंच्या गर्दीचे साहित्यसंमेलन झालेल्या या संस्थेला आपल्या वर्तुळाची मर्यादा दाखवून देणारा पहिला लेख तिच्या दप्तरात नव्हता. तो दुसरीकडे छापला गेला म्हणून टिकला. भिन्नमताला सभेच्या स्वतःच्या लेखात जागा नसली, म्हणजे ते टिकणे दैवाधीन होते.

यावरून इतिवृत्ताच्या रचनेविषयी काही सुचवता येईल. प्रत्येक विषयाची नोंद चार भागांत असावी. प्रश्न काय होता. एका बाजूचे म्हणणे कारणासह. दुसऱ्या बाजूचे म्हणणे कारणासह. आणि निर्णय, तो कोणत्या प्रकारच्या संमतीने झाला आणि काय बदलले असता तो पुन्हा विचारात घेता येईल यासह. महजराची ही तकरीर-निवाडा रचना आजच्या गद्यात सहा-सात वाक्यांत बसते. कायद्याप्रमाणे ग्रामसभेपूर्वी स्त्रियांची सभा घ्यावयाची असते. तिच्यात जे बोलले गेले त्याची अशीच नोंद होऊन ती ग्रामसभेत वाचली जावी. पुरुषांच्या गर्दीत उभे राहून बोलणे ज्यांना जमत नाही, त्यांचे कारण निदान त्यांच्या शब्दांत तेथे पोचेल. याचे महत्त्व राज्याच्या दारूबंदीविषयक नियमांनीही अप्रत्यक्षपणे मान्य केले आहे. दुकान बंद करण्याचा प्रश्न उभी बाटली की आडवी बाटली अशा गुप्त मतदानाने सोडवण्याची तरतूद करावी लागली, ती हात वर करून झालेली संमती विश्वासार्ह नसते म्हणूनच.

मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे, हा प्रत्येक सभेचा पहिला विषय असतो. आज हे वाचन म्हणजे केवळ एक उपचार आहे, कारण वाचण्यासारखे त्यात काही नसते. त्यात दोन्ही बाजूंची कारणे असतील, तर हेच वाचन नव्याने आलेल्या माणसाचे शिक्षण होईल. या गावात कसे बोलतात, कोणते कारण येथे चालते, वैर न धरता विरोध कसा करतात, हे त्याला कोणी उपदेश न करता कळेल. ओळखीच्या जागी लेख आणावयाचा तो असा. नव्या माणसाला सभेत येऊ न देणे आणि आलेल्याला संख्या म्हणून मोजणे, या दोन्ही वाटा सोडून तिसरी वाट आहे ती हीच, असे आम्हांस वाटते.

यावर दोन आक्षेप येतील. पहिला असा की, विरोध कागदावर आला तर गावात वैर वाढेल; तोंडी भांडण विसरले जाते, लिहिलेले विसरत नाही. हा आक्षेप हलका नाही. परंतु कारणाची नोंद करण्यासाठी नावाची नोंद आवश्यकच असते असे नाही. एक पक्ष असा की, दुसरा पक्ष असा की, ही पूर्वपक्ष-उत्तरपक्षाची शास्त्रीय रीत आपल्याला अपरिचित नाही. ज्याला नाव द्यावयाचे असेल त्याने द्यावे. दुसरा आक्षेप व्यवहाराचा आहे. ग्रामसेवक या नावाने आजवर ओळखल्या गेलेल्या अधिकाऱ्यावर कामाचा बोजा मोठा असतो. त्याच्याकडून असे लेखन कसे अपेक्षावे? याचे उत्तर आपल्या विभागांपाशी आहे. कार्यालयीन लेखन हा विषय महाविद्यालयांतून शिकवला जातो. त्यात सभेची सूचना, विषयपत्रिका आणि इतिवृत्त यांचे नमुने पाठ करून घेतले जातात. दोन बाजूंचे म्हणणे ऐकून, दोघांनाही मान्य होईल अशा सहा वाक्यांत ते लिहिणे, हे त्या अभ्यासाचे अंग झाले पाहिजे. सारांशलेखनाची याहून अवघड परीक्षा आम्हांस माहीत नाही.

आणखी एक कार्य संशोधनाचे आहे, आणि ते विलंब सहन करणारे नाही. तालुक्याचे गाव नगरपंचायत झाले की तेथील ग्रामसभा कायद्याने संपते. पारनेरमध्ये काल जो मतदार ग्रामसभेत उठून प्रश्न विचारू शकत होता, तो आज सतरा नगरसेवकांच्या सभेत फार तर प्रेक्षक म्हणून बसू शकतो. वाढीचा हा शेवटचा टप्पा, आणि येथे चर्चेचा दर्जा राखण्याचा प्रश्नच उरत नाही, कारण सर्वांच्या चर्चेची जागाच उरत नाही. अशा गावांच्या जुन्या ग्रामपंचायतींची इतिवृत्ते कोठे आहेत, त्यांतील ठरावांची भाषा १९५८ पासून कशी बदलत गेली, सर्वानुमते या शब्दाने बाकीचे शब्द कधी हुसकून लावले, एखाद्या लेखनिकाने विरोधाचे कारण नोंदवून ठेवले आहे काय, याचा शोध पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी घ्यावा. महजर आपल्या हाती आले, कारण ते वतनाचे पुरावे म्हणून घराघरांत जपले गेले. इतिवृत्ताच्या पुस्तकाला असा कोणी वारस नसतो. ती पुस्तके रद्दीत जाण्यापूर्वी त्यांच्या प्रती करून घेणे, हे या कामातील पहिले पाऊल होय. आणि त्यासाठी प्रत्येक विद्यार्थ्याने आपल्या गावच्या ग्रामपंचायतीपासून आरंभ करावा.